गाडी मिसिंग करतेय? कोड पुसण्याआधी हे क्रमाने करा

उभ्या गाडीत इंजिन थरथरतं, रेस दिली की झटका बसतो, चढावर ओढ लागत नाही आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा पेटलेला असतो. स्कॅनर लावला तर कोड येतो पी०३०२. लगेच दोन नंबरची कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज देणारी) बदलली जाते, कोड पुसला जातो, आणि चार दिवसांनी तोच दिवा परत. मग प्लग बदलतात, मग इंजेक्टर, मग सेन्सर. दोष सापडेपर्यंत निम्मं इंजिन नवं झालेलं असतं, आणि कधी कधी तरीही थरथर जात नाही.

इथे गोंधळ कोड वाचण्यात होत नाही, तो कोडवर जास्त विश्वास ठेवण्यात होतो. मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये नीट पेट न होणं, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) कसा कळतो ते आधी समजून घ्या. सिलिंडरमध्ये पेट झाला की क्रँकशाफ्टला धक्का मिळतो आणि तो क्षणभर वेग घेतो. ईसीयू हा चढउतार क्रँक सेन्सरवरून मोजत असतो. ज्या सिलिंडरच्या पाळीला अपेक्षित धक्का आला नाही, त्याचा नंबर तो नोंदवतो. म्हणजे पी०३०२ एवढंच सांगतो की दोन नंबरच्या सिलिंडरने जोर दिला नाही. ठिणगी पडली नाही, पेट्रोल आलं नाही, हवा जास्त झाली की व्हॉल्व्ह नीट बसला नाही, हे ईसीयूला माहीत नसतं. ते आपल्याला शोधायचं आहे.

खालचा क्रम ओबीडी-२ सॉकेट (स्कॅनर जोडायची प्रमाणित जागा) असलेल्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे. डिझेलचे कोड याच पद्धतीने वाचतात, पण तिथे स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल नसल्यामुळे पुढच्या तपासण्या वेगळ्या होतात.

टप्पा १: तयारी

फक्त कोड दाखवणारा स्कॅनर या कामाला अपुरा आहे. तुमचा स्कॅनर, किंवा मोबाइलला जोडायचं अडॅप्टर, चालू इंजिनचे आकडे आणि फ्रीझ फ्रेम (कोड नोंदवला त्या क्षणीचे आकडे) दाखवतो का ते आधी बघा. सोबत मल्टिमीटर, प्लगचा सॉकेट, लांब एक्स्टेन्शन, टॉर्क रेंच, टॉर्च आणि वही-पेन घ्या. वहीला कमी लेखू नका, पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तीच लागणार आहे. गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळत असेल तर जरूर मिळवा. सिलिंडरचे नंबर, प्लगची गॅप, टॉर्कचे आकडे गाडीगणिक बदलतात आणि ते अंदाजाने चालत नाहीत.

मग बॅटरी. गाडी काही तास उभी असताना मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये, आणि इंजिन चालू झाल्यावर ते १३.५ ते १४.७ मध्ये असावं. बॅटरी किंवा अल्टरनेटर कमजोर असेल तर ईसीयू आणि सेन्सर चुकीचं वागतात आणि एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा कोड एकदम येतात. त्या कोडांच्या मागे लागण्यात दिवस जातो.

इंजिन ऑइल आणि कूलंट यांची पातळी बघा. टाकीत पुरेसं पेट्रोल आहे ना, तेही बघा. पेट्रोल तळाला गेलं की पंप हवा ओढतो आणि मिसफायरचा कोड येतो. काही गाड्या अशा वेळी मुद्दाम पी०३१३ दाखवतात, त्याचा अर्थच 'इंधन कमी असताना मिसफायर' असा आहे.

आता गाडी चालवणाऱ्याला विचारा, किंवा तुम्हीच चालवत असाल तर आठवून लिहा: त्रास थंड इंजिनाला होतो की तापल्यावर? उभ्या गाडीत की चढावर? पावसात किंवा गाडी धुतल्यावर वाढतो का? पेट्रोल भरल्यानंतर लगेच सुरू होतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याआधी गाडीचं कोणतं काम झालं होतं? सर्व्हिसिंगनंतर दोन दिवसांत थरथर सुरू झाली असेल तर हात लागलेली प्रत्येक वस्तू पहिल्यांदा तपासा. एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण, सुटलेली नळी, 'टिक' आवाज न करता अर्धवट बसलेला कनेक्टर. निम्मे दोष इथेच सापडतात असं मी म्हणणार नाही, पण जे इथे सापडतात ते सगळ्यात कमी कष्टात सापडतात.

सावध: दिवा स्थिर पेटला असेल तर सावकाश चालवून गाडी घरी नेता येते. दिवा लुकलुकत असेल तर रेस सोडा, गाडी बाजूला घ्या आणि शक्य असेल तर तिथेच बंद करा. लुकलुकणारा दिवा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपमधला, धूर स्वच्छ करणारा भाग) खराब होईल इतका मिसफायर. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो लालबुंद तापतो आणि आतली जाळी वितळू शकते. अशी गाडी कोरड्या गवतावर उभी करू नका.

टप्पा २: कोड वाचा, लिहा, पुसू नका

सॉकेट १६ पिनांचा असतो आणि बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ सापडतो. इग्निशन ऑन करा, इंजिन बंद ठेवा, स्कॅनर जोडा.

कोड तीन याद्यांमध्ये असतात, आणि बरेच जण पहिलीच बघून थांबतात. साठवलेले कोड म्हणजे पक्के झालेले, ज्यांच्यामुळे दिवा लागला ते. पेंडिंग कोड म्हणजे दोष एकदा दिसला, पण अजून पक्का नाही. बरेचसे दोष गाडी चालवण्याच्या सलग दोन फेऱ्यांत दिसल्यावरच दिवा लागतो, म्हणून पेंडिंग यादीत पुढच्या दिव्याची बातमी आधीच असते. तिसरे पर्मनंट कोड. ते स्कॅनरने पुसता येत नाहीत, दोष खरोखर गेला हे गाडीने स्वतः तपासल्यावरच जातात. काही गाड्यांत ही तिसरी यादी नसते.

तिन्ही याद्या क्रमाने वहीत उतरवा. मग फ्रीझ फ्रेम उघडा. कोड नोंदवला त्या क्षणीचा हा फोटो असतो: आरपीएम, वेग, इंजिनवरचा लोड, कूलंटचं तापमान, फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोल किती वाढवलं किंवा घटवलं, टप्पा ४ बघा). मिसफायर आणि मिश्रणाच्या कोडांना या फोटोत प्राधान्य मिळतं, त्यामुळे आपल्याला हवा तोच फोटो बहुधा मिळतो. आरपीएम ७५०, वेग शून्य, कूलंट ९० अंश असेल तर दोष तापलेल्या इंजिनाला आयडलिंगवर आला. आरपीएम ३२००, लोड ८५ टक्के असेल तर ओढ लागताना आला. या दोन गाड्यांचा तपास वेगवेगळ्या दिशेने जातो, कोड एकच असला तरी.

कोड पुसला की फ्रीझ फ्रेम जाते. ईसीयूने शिकलेली ट्रिम जाते. गाडीच्या स्वतःच्या तपासण्यांचा हिशेब शून्यावर येतो. 'पुसून बघू परत येतो का' हा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे. परत आला तर तुम्ही जिथे होतात तिथेच असता, फक्त हातातली माहिती गेलेली असते. बॅटरीची तार काढून ठेवली तरी बऱ्याच गाड्यांत हेच होतं.

तपासा: वहीत तिन्ही याद्या, फ्रीझ फ्रेमचे आकडे, बॅटरीचं व्होल्टेज आणि आजचे किलोमीटर आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: कोणता कोड आधी घ्यायचा

पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, यू म्हणजे ईसीयूंमधला संवाद. त्यानंतरचा पहिला आकडा ० असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना समान, १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. पी१ ने सुरू होणाऱ्या कोडचा अर्थ दुसऱ्या कंपनीच्या यादीत शोधू नका. पुढचा आकडा गट सांगतो: १ आणि २ हवा-इंधनाचे, ३ इग्निशन आणि मिसफायरचे, ४ उत्सर्जन नियंत्रणाचे, ५ वेग आणि आयडलिंगचे.

एकापेक्षा जास्त कोड असतील तर ते स्कॅनरवर ज्या क्रमाने दिसतात त्या क्रमाने घेऊ नका. कारण आधी, परिणाम नंतर. मी हा क्रम पाळतो:

१. व्होल्टेजचे आणि संवादाचे कोड, उदाहरणार्थ पी०५६२. ते सुटेपर्यंत बाकीचं काहीच खरं धरू नका.

२. सर्किटचे कोड. पी०३५१ पासून पुढे कॉइलचे, पी०२०१ पासून पुढे इंजेक्टरचे, पी०३३५ क्रँक सेन्सरचा, पी०३४० कॅम सेन्सरचा. वर्णनात 'सर्किट' शब्द आला की पार्टच्या आधी वायर, कनेक्टर, पिना आणि अर्थिंग तपासायचं.

३. माप देणाऱ्या सेन्सरचे कोड: हवा मोजणाऱ्या मॅफ सेन्सरचे पी०१०१ आणि पी०१०२, कूलंट सेन्सरचे पी०११७ आणि पी०११८, थर्मोस्टॅटचा पी०१२८.

४. मिश्रणाचे कोड: लीन (पातळ, म्हणजे पेट्रोल कमी) पी०१७१ आणि पी०१७४, रिच (घट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त) पी०१७२ आणि पी०१७५.

५. मिसफायर: पी०३०० आणि त्यापुढचे.

६. सगळ्यात शेवटी पी०४२०, कन्व्हर्टरची कार्यक्षमता. मिसफायर चालू असताना या कोडला हात लावू नका. नवा कन्व्हर्टर बसवून मिसफायर तसाच ठेवला तर नवाही जातो.

पी०१७१ सोबत पी०३०० असेल तर बहुधा मिश्रण पातळ झाल्यामुळे सगळेच सिलिंडर अडखळतायत. तिथे कॉइल बदलून उपयोग नाही. पी०३५२ सोबत पी०३०२ असेल तर दोन नंबरच्या कॉइलच्या वायरिंगपासून सुरुवात करा. पी००१६ सोबत पी०३०० असेल तर क्रँक आणि कॅमचा मेळ बिघडलाय, टायमिंग चेन किंवा बेल्ट सरकला असण्याची शक्यता आहे. अशी गाडी चालवून तपासत बसू नका. शेजारच्या दोन सिलिंडरांचे कोड एकत्र आले तर हेड गॅस्केट डोक्यात ठेवा. एक आणि चार नंबर एकत्र आले, आणि तुमच्या गाडीत दोन सिलिंडरांना मिळून एक कॉइल असेल, तर आधी ती सामाईक कॉइल.

आणि सिलिंडरचा नंबर स्वतः खात्री करून घ्या. आडव्या बसवलेल्या बऱ्याच इंजिनांत एक नंबर बेल्ट किंवा चेनच्या बाजूला असतो, पण सगळ्यांत नाही. व्ही आकाराच्या इंजिनात ज्या बाजूला एक नंबर सिलिंडर, ती बँक १. चुकीच्या टोकाकडून मोजून धडधाकट सिलिंडरची कॉइल बदलणं ही अगदी नेहमीची चूक आहे.

टप्पा ४: चालू इंजिनाचे आकडे

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. बहुतेक जण तो सोडून देतात आणि नेमकं इथेच उत्तर दिसत असतं.

इंजिन पूर्ण तापू द्या. कूलंट ८० अंशांच्या पुढे जाऊन स्थिर व्हायला हवं. बराच वेळ चालवूनही आकडा ६५-७० वरच राहत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, आणि ईसीयू इंजिन थंडच समजून जास्त पेट्रोल देत राहील. इंजिन रात्रभर उभं असेल तर सुरू करण्याआधी कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसायला हवं. दोघांत मोठा फरक असेल तर एक सेन्सर खोटं बोलतोय.

आता फ्युएल ट्रिम. ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीयू ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी देतोय, तो हा आकडा. शॉर्ट टर्म क्षणाक्षणाला हलतो, लाँग टर्म हळूहळू बदलतो. दोन्हींची बेरीज करायची, एकट्या आकड्यावर मत बनवायचं नाही. बेरीज अधिक-उणे ५ च्या आत असेल तर उत्तम, १० पर्यंत चालेल. अधिक १० च्या वर गेली की इंजिन पातळ चाललंय आणि ईसीयू भरपाई करतोय. ही भरपाई मर्यादेबाहेर गेली, बऱ्याच गाड्यांत २० ते २५ टक्क्यांच्या आसपास, की पी०१७१ पक्का होतो.

ट्रिम दोन ठिकाणी मोजा: आयडलिंगवर, आणि गाडी उभी असतानाच २५०० आरपीएमवर मिनिटभर धरून. समजा आयडलिंगवर बेरीज अधिक २२ आहे आणि २५०० वर ती अधिक ४ झाली. हा व्हॅक्यूम लीक. फटीतून आत शिरणारी हवा साधारण तेवढीच असते. आयडलिंगवर इंजिन मुळात थोडीच हवा घेतं, म्हणून तिचा वाटा मोठा दिसतो. रेस वाढली की त्याच फटीचा वाटा नगण्य होतो. आता उलटं चित्र घ्या: आयडलिंगवर अधिक ३, पण चढावर ओढताना अधिक २०. इथे फट शोधू नका. पेट्रोलच पुरेसं पोचत नाही, म्हणजे पंप थकलाय किंवा फिल्टर तुंबलाय. नाहीतर मॅफ सेन्सरवर धूळ बसलीय आणि तो आत येणारी हवा कमी सांगतोय. दोन्ही ठिकाणी सारखीच जास्त असेल तर इंधनाचं प्रेशर आणि मॅफ दोन्ही तपासा. ओढतानाचा आकडा घ्यायचा तर गाडी दुसऱ्याने चालवावी आणि तुम्ही शेजारी बसून स्कॅनर बघावा.

ट्रिम उणे १५ वगैरे असेल तर जास्तीचं पेट्रोल कुठून तरी येतंय. गळका इंजेक्टर, वाढलेलं इंधन प्रेशर, किंवा टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला. पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी अडखळत असेल तर याच व्हॉल्व्हवर पहिला संशय. त्याची नळी इंजिनाच्या बाजूने काढून तोंड बोटाने बंद करा. आयडलिंग लगेच सुधारलं तर व्हॉल्व्ह गेलाय.

इथे दोन सापळे आहेत. पहिला: ठिणगी न पडलेल्या सिलिंडरमधली हवा न जळता तशीच बाहेर पडते. ऑक्सिजन सेन्सरला प्राणवायूच दिसतो, पेट्रोल दिसत नाही. तो 'मिश्रण पातळ' म्हणून सांगतो आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो. म्हणून फक्त एका सिलिंडरचा मिसफायर पक्का असेल आणि ट्रिम थोडी अधिक असेल, तर आधी मिसफायर सोडवा. सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा पाइप किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड फुटला असेल तरी बाहेरची हवा आत ओढली जाऊन असंच खोटं चित्र दिसतं.

दुसरा: काही गाड्यांत मॅफ नसतो, इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांमधला) दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. अशा गाडीत फटीतून आलेल्या हवेनेही दाब वाढतो, ईसीयू तेवढं पेट्रोल वाढवतो आणि ट्रिम फारशी हलत नाही. तिथे व्हॅक्यूम लीकची खूण म्हणजे चढलेलं आयडलिंग, कधी सोबत पी०५०७.

माझ्या स्वतःच्या गाडीला पी०१७१ आला तेव्हा मी हे आकडे न बघता ऑक्सिजन सेन्सर बदलला. सेन्सर खरं तेच सांगत होता. मॅफच्या पुढच्या रबरी पाइपला घडीच्या आत चीर गेली होती. आयडलिंग आणि २५०० चे दोन आकडे त्या दिवशी लिहिले असते तर पाच मिनिटांत दिशा मिळाली असती. तेव्हापासून ट्रिम बघितल्याशिवाय मी पाना हातात घेत नाही.

टप्पा ५: डोळे, कान आणि हात

इंजिन बंद, शक्यतो थंड. मॅफपासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा पाइप हाताने वाकवून बघा. चीर घडीत लपते. ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत आत ओढणारी) नळी, मॅनिफोल्डला जोडलेली प्रत्येक बारीक नळी ओढून बघा. कडक झालेली किंवा तेलाने फुगलेली नळी बदला. ऑइल भरायच्या झाकणाचं आणि डिपस्टिकचं सील तपासा. बऱ्याच इंजिनांत तिथून शिरणारी हवाही मोजमाप चुकवते. कनेक्टर एकेक काढून आत हिरवट गंज, वाकलेली पिन किंवा तेल आहे का ते बघा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी इंजिनावरच्या प्लास्टिक कव्हरखाली सापडतात, म्हणून ते कव्हर काढाच.

मग इंजिन चालू करून ऐका. बारीक शीळ किंवा 'स्स्स' आवाज व्हॅक्यूम लीकचा असू शकतो. संशयित सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज किंवा आयडलिंग क्षणभर बदललं तर जागा मिळाली. फवारा वायरी आणि कनेक्टरवर जाऊ देऊ नका. गॅरेजमध्ये स्मोक मशीन असेल तर त्याला तोड नाही, धूर नेमक्या फटीतून बाहेर येतो.

सावध: कार्ब्युरेटर क्लीनर फवारून लीक शोधण्याची पद्धत सर्रास चालते, पण तो द्रव चटकन पेट घेतो. तापलेल्या मॅनिफोल्डजवळ किंवा ठिणगी उडणाऱ्या कॉइलजवळ तो मारू नका. सैल बाही आणि लोंबणारी ओढणी फिरत्या बेल्टपासून दूर ठेवा.

टप्पा ६: एकाच सिलिंडरचा कोड असेल तर अदलाबदल

कोड पी०३०२ धरू. नवीन काही विकत न घेता दोष कुठला ते इथे कळतं. अट एकच: एका वेळी एकच वस्तू हलवायची. कॉइल आणि प्लग दोन्ही एकदम हलवले आणि कोड तीन नंबरवर गेला, तर दोघांपैकी कोण दोषी ते कळणार नाही.

आधी दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा. खडूने किंवा टेपने खुणा करा. वहीत सगळं लिहिलेलं असल्यामुळे आता कोड पुसायला हरकत नाही. फ्रीझ फ्रेममध्ये होती तशाच परिस्थितीत गाडी चालवा. दोष ३२०० आरपीएमला चढावर आला असेल तर उभ्या गाडीत वाट बघून काही कळणार नाही. आता पी०३०३ आला तर कॉइल गेलीय. पी०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष. आणि मिसफायर पूर्णच थांबला तर आनंदाने विषय बंद करू नका. तुम्ही कनेक्टर काढून पुन्हा बसवलात, तेवढ्यानेच तो तात्पुरता नीट झाला असेल. त्याची पिन आणि लॉक बारकाईने बघा.

कॉइल निर्दोष निघाली तर प्लग. इंजिन थंड असतानाच काढा; तापलेल्या ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे उखडतात. काढण्याआधी खड्ड्यातली धूळ हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. चारही प्लग काढून क्रमाने मांडा आणि एकमेकांशी तुलना करा. फिकट तपकिरी रंग निरोगी. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण घट्ट किंवा ठिणगी कमजोर. तेलकट काळा म्हणजे तेल वर येतंय. पांढराफटक, फोड आलेला म्हणजे पातळ मिश्रण किंवा अति तापमान. चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ठिणगी बाहेरून पळतेय. अशा वेळी प्लगसोबत कॉइलचं रबरी बूटही बदला, कारण तीच रेघ बुटाच्या आतही उमटलेली असते. प्लगच्या खड्ड्यात तेल साचलं असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं सील गळतंय, ते न बदलता नवी कॉइल लावली तर तीही भिजणार.

प्लग बसवताना सुरुवातीचे आटे नुसत्या हाताने फिरवा, रॅचेटने नाही. शेवटी मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा. इरिडियम प्लगची बारीक टोकं गॅप करताना सहज मोडतात, त्यांना उगाच हात लावू नका.

गाडी पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालत असेल तर दोन्हींवर चालवून बघा. फक्त सीएनजीवर मिसिंग असेल तरी प्लग-कॉइल लगेच सोडून देऊ नका: सीएनजीच्या मिश्रणात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून थकलेली कॉइल किंवा वाढलेली गॅप आधी तिथे उघडी पडते. फक्त पेट्रोलवर मिसिंग असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर आणि पंप.

प्लगही निर्दोष असेल तर इंजेक्टर. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाजवळ धरून चारही ऐका. एकसारखी टिकटिक हवी. एखादा गप्प किंवा बोदा वाटला तर कनेक्टर काढून रोध मोजा. मॅनिफोल्डमध्ये फवारणाऱ्या बऱ्याच इंजेक्टरांचा रोध ११ ते १८ ओहममध्ये असतो, पण चौघांचा आपसात मेळ आहे का, हे जास्त महत्त्वाचं.

सावध: ठिणगी बघायला चालू इंजिनाची कॉइल ओढून काढणं आणि प्लग बॉडीला टेकवून सेल्फ मारणं, दोन्ही टाळा. झटका जोरदार बसतो, ईसीयू जळू शकतो, आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं. कोणता सिलिंडर झोपलाय हे बघायचं असेल तर इंजेक्टरचा कनेक्टर काढा. ज्याचा काढल्यावर इंजिनात फरकच पडत नाही, तो दोषी. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीत इंधनाची उच्च दाबाची लाइन स्वतः उघडू नका. तो दाब कातडी फोडून आत जाण्याइतका असतो.

टप्पा ७: कॉम्प्रेशन

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, हवा बरोबर आहे, तरी सिलिंडर जोर देत नाही. आता कॉम्प्रेशन गेजने आतला दाब मोजायचा. बॅटरी भरलेली हवी, इंजिन कोमट, सगळे प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन दोन्ही तोडलेले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. थ्रॉटल बंद ठेवून मोजलं तर सगळेच आकडे कमी येतात आणि चांगल्या इंजिनाला विनाकारण खोलण्याचा निर्णय होतो. सेल्फ मारून प्रत्येक सिलिंडरला सारखेच, पाच ते सहा फेरे द्या.

एखादा सिलिंडर सगळ्यात चांगल्यापेक्षा २० टक्क्यांहून खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन सारखेच खाली असतील तर गॅस्केटच समजा आणि कूलंट कमी होतंय का ते बघा. इथून पुढचं काम इंजिन खोलण्याचं आहे, ते अनुभवी हाताकडे द्या, पण वहीतले आकडे सोबत द्या. तपास पहिल्यापासून परत करावा लागणार नाही.

कोडच नसेल तर

थरथर आहे पण तिन्ही याद्या रिकाम्या. स्कॅनरमध्ये मोड ०६ (गाडीच्या स्वतःच्या तपासण्यांचे निकाल) असेल तर सिलिंडरवार मिसफायरची मोजणी बघा. कोड होण्याइतकी नसलेली चूकही तिथे काही गाड्यांत दिसते. तीही शून्य असेल तर इंजिन नीट जळतंय. मग इंजिन माउंट बघा: डी किंवा आर गिअरमध्ये, किंवा एसी लावल्यावर थरथर वाढते आणि न्यूट्रलला कमी होते, तर माउंटचं रबर फाटलंय. थ्रॉटल बॉडीच्या पाकळीभोवती जमलेला काळा थरही आयडलिंग बिघडवतो. तो साफ केल्यावर बऱ्याच गाड्यांत आयडलिंग पुन्हा शिकवावं लागतं, त्याची रीत मॅन्युअलमध्ये असते.

टप्पा ८: दुरुस्ती झाली का ते सिद्ध करा

पार्ट बदलला, कोड पुसला, दिवा गेला. दिवा तुम्ही घालवलाय, दोष गेला की नाही ते अजून ठरायचं आहे. इंजिन तापवून ट्रिम पुन्हा दोन्ही ठिकाणी मोजा आणि वहीतल्या जुन्या आकड्यांशेजारी लिहा. अधिक २२ चा अधिक ३ झाला असेल तर काम झालं. अधिक १५ वर आला असेल तर एक फट बुजली, दुसरी बाकी आहे.

नंतर फ्रीझ फ्रेममधल्या परिस्थितीत गाडी चालवा. थंड सुरुवात, रहदारीतलं थांबत जाणं, आणि एकसारख्या वेगाचा लांब पट्टा, तिन्ही यावेत. गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का ते स्कॅनरवरच्या रेडीनेसमध्ये दिसतं. त्या पूर्ण व्हायच्या आत 'कोड नाही' याला काही अर्थ नाही, कारण अजून कोणी तपासलेलंच नसतं.

रेडीनेस पूर्ण झाल्यावर पेंडिंग यादी शेवटची उघडा. ती रिकामी असेल तर वहीत तारीख, किलोमीटर आणि बदललेला पार्ट लिहा. तिथे तोच सिलिंडर परत दिसला तर टप्पा ४ वर जा, नवीन पार्ट घ्यायला नाही.